अंग आंबलं, तर खाडा की मेहनत?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखादा तरणाताठा माणूस कठडा घट्ट धरून, तोंड वाकडं करत, एकेक पायरी आडवा पाय टाकत जिना उतरताना दिसला की ओळखावं, गड्यानं परवा व्यायाम सुरू केला आहे. मग भेटेल त्याला तो एकच प्रश्न विचारतो, "अंग आंबलंय. आज जाऊ की नको?" उत्तर देणारे पुष्कळ भेटतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमच्या पेठेतल्या तालमीत नाव घातलं त्या दिवशी वस्तादांनी पन्नास बैठका सांगितल्या. शेजारच्या पोरानं शंभर मारल्या, म्हणून मी दीडशे मारल्या. त्या दिवशी काहीच झालं नाही. रात्री छाती काढून जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या भरून आल्या, आणि तिसऱ्या दिवशी तर खाली बसणं म्हणजे शिक्षा झाली. घरात दोन मतं पडली. दादी तिळाचं तेल कोमट करून घेऊन आली आणि म्हणाली, पोराला चार दिवस उठू देऊ नका. अब्बा म्हणाले, काट्यानं काटा निघतो. आज परत दीडशे मारल्या की दुखणं पळेल. मी लंगडत तालमीत गेलो. वस्ताद हसले. म्हणाले, "आज बैठका नाहीत. हौद्याभोवती दहा फेऱ्या चाल, मोठ्या पोरांच्या अंगाला तेल लाव आणि घरी जा. परवा पंचवीस मार."

तीन माणसं, तीन उत्तरं. पूर्ण विश्रांती, पूर्ण मेहनत आणि मधला रस्ता. पुढे वाचनाचा नाद लागल्यावर ध्यानात आलं की, ही माणसं काही आमच्याच घरची नव्हती. जवळजवळ दोन हजार वर्षं ती देशोदेशी भांडत आली आहेत. आज त्या भांडणाची गोष्ट सांगायची आहे.

आधी शब्दांकडे पाहू, कारण माझा धंदा शब्दांचा. तालमीतली बहुतेक भाषा दूरचा प्रवास करून आलेली आहे. 'तालीम' हा अरबी शब्द, त्याचा मूळ अर्थ शिक्षण. 'वस्ताद', 'पैलवान', 'कुस्ती', 'जोर', 'पेच', 'खुराक', 'मालिश' हे सगळे फारसीकडचे. 'मेहनत' अरबी, तिकडे तिचा मूळ अर्थ कसोटी, परीक्षा असा होता. 'आखाडा', 'लंगोट' आणि 'बैठक' मात्र अस्सल इकडचे. म्हणजे लंगोट आपला, त्यातला पैलवान फारसी आणि त्याची मेहनत अरबी! मराठी मातीनं हे सगळं असं कालवून घेतलं आहे की, आता कुणाला वेगळं काढता येणार नाही. हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद आणि लिंबू मिसळतात, तसंच हे.

दुखण्याचे शब्द मात्र खास मराठी वळणाचे आहेत. मांड्या 'भरून येतात', अंग 'मोडून येतं', हाताला 'रग लागते', शरीर 'आंबतं'. त्यातली 'रग' मोठी गमतीची. ओझं धरून हात दुखला की त्याला रग लागली म्हणतात, आणि अंगात मस्ती असली तरी 'रग आहे' म्हणतात. दुखणं आणि ताकद दोन्हींना एकच शब्द. व्यायामाचं सगळं शास्त्र या एका शब्दात मावतं, असं मला अनेकदा वाटलं आहे. 'आंबणं' या शब्दाकडे मात्र आपल्याला पुन्हा यावं लागेल, कारण त्यानं शास्त्रज्ञांनाही पुष्कळ वर्षं चकवलं.

आता प्राचीन ग्रीसमध्ये जाऊ. तिथले मल्ल आणि त्यांचे प्रशिक्षक व्यायामाचा चार दिवसांचा फेरा पाळत. पहिल्या दिवशी जलद, थोड्या वेळाचा व्यायाम करून अंग तयार करायचं. दुसऱ्या दिवशी सगळी ताकद पणाला लावायची. तिसऱ्या दिवशी ढिलं सोडायचं. चौथ्या दिवशी मध्यम मेहनत. पाचव्या दिवशी पुन्हा पहिला धडा. कठोर दिवसामागून विश्रांतीचा दिवस यावा, ही समज त्यांना होती, हे विशेष. पण समजेचा नियम झाला आणि नियमाचा जुलूम झाला.

ही हकीकत फिलोस्ट्रेटस या लेखकानं तिसऱ्या शतकात व्यायामावरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. गेरेनस नावाचा एक मल्ल होता. ऑलिंपियाला जिंकला. मित्रांनी मेजवानी दिली, खाणंपिणं झालं. मग तो व्यायामशाळेत आला आणि म्हणाला, आज अंगात बरं नाही. प्रशिक्षक संतापला. चार दिवसांचा फेरा मोडला, म्हणून त्यानं त्याला तसाच मेहनतीला उभा केला. त्या मेहनतीतच गेरेनस मेला. फिलोस्ट्रेटसनं याचा दोष सरळ प्रशिक्षकाच्या अडाणीपणाला दिला आहे. त्याचा आक्षेप असा की, समोर उभ्या असलेल्या माणसाचं अंग पाहायचं सोडून हा गृहस्थ वेळापत्रक पाहत होता.

त्याच्या थोडं आधी, दुसऱ्या शतकात, गॅलन हा वैद्य होऊन गेला. रोमन साम्राज्यातल्या पर्गमम या गावी त्यानं तरुणपणी आखाड्यात लढणाऱ्या ग्लॅडिएटरांवर उपचार केले होते. मोडलेली, फाटलेली, दमलेली शरीरं त्यानं जवळून पाहिली. आरोग्यावरच्या ग्रंथात त्यानं व्यायामानंतरच्या शिणाचे प्रकार केले. एका शिणात अंगाला जखमा झाल्यासारखं हुळहुळतं. दुसऱ्यात स्नायू ताणून बांधल्यासारखे वाटतात. तिसऱ्यात सूज आल्यासारखं गरम आणि जड होतं. गॅलनचे ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिरियाक आणि अरबी भाषांत आणले. पुढे इब्न सिना या थोर हकिमानं आपल्या 'अल्-कानून' या ग्रंथात हे तीन प्रकार घेतले आणि त्यात कोरड्या शिणाचा चौथा प्रकार घातला. इब्न सिनाचा काळ इसवी सन ९८० ते १०३७. त्यानं व्यायामाआधीची मालिश आणि व्यायामानंतरची मालिश यांतही फरक केला. आधीची मालिश अंग जागं करण्यासाठी, नंतरची शीण काढण्यासाठी. शिणाचा प्रकार ओळखून कुठे तेलाचं मऊ मर्दन, कुठे अंघोळ, कुठे नुसती विश्रांती. हीच युनानी परंपरा हकिमांबरोबर हिंदुस्थानात आली. माझ्या दादीनं इब्न सिना वाचला नव्हता, तिला वाचताच येत नव्हतं. पण तिच्या वाटीतल्या कोमट तेलाला हजार वर्षांचा इतिहास होता.

आपल्याकडचे वैद्यही गप्प नव्हते. सुश्रुतसंहितेत व्यायामाचा नियम सांगितला आहे. स्वतःचं भलं इच्छिणाऱ्यानं सर्व ऋतूंत, रोज व्यायाम करावा. पण आपल्या ताकदीच्या निम्म्यानं करावा, त्यापलीकडे गेल्यास तोच व्यायाम घात करतो. निम्मी ताकद झाली हे ओळखायचं कसं? तर श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबायचं. आयुर्वेदाच्या ग्रंथांत अतिव्यायामाला एक मोठी नामी उपमा दिली आहे. हत्तीला ओढत नेणारा सिंह जसा स्वतःच नाश पावतो, तसा हा माणूस. सिंहाची ताकद कमी नसते; त्यानं ओढायला घेतलेलं ओझं चुकीचं असतं.

म्हणजे किती वेळा व्यायाम करावा, या प्रश्नाला सुश्रुताचं उत्तर 'रोज, पण निम्मा' आणि ग्रीकांचं उत्तर 'चार दिवसांत एकदा पूर्ण' असं आहे. वरवर पाहता दोन्ही परस्परविरोधी वाटतात. पण दोघांच्या मुळाशी एकच हिशेब आहे. मेहनत जितकी जड, तितकी तिची फेरी उशिरा यावी. हलकी असेल तर रोज चालेल. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळाशाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. तो रोजचा व्यायाम घराघरांत रुजला, याचं एक कारण हेच, की बेताचे नमस्कार घातले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घालता येतात.

यावर कुणी म्हणेल, मग आमचे पैलवान हजारो बैठका रोज कसे मारायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गामा पैलवानांच्या चरित्रातच आहे. गुलाम मुहम्मद उर्फ गामा यांचा जन्म १८७८चा. १९१० साली लंडनमध्ये त्यांनी पोलंडच्या झ्बिश्को या प्रचंड मल्लाला जेरीला आणलं आणि ती कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळात तोच झ्बिश्को पुन्हा आला, तेव्हा गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं. ऐन उमेदीत ते रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर मारत, असं सांगतात. पण या आकड्याआधीची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. गामा दहा वर्षांचे असताना जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा ठेवली होती. देशभरातून चारशेवर मल्ल आले होते. एकेक गळत गेला आणि शेवटच्या पंधरांत हे पोर उभं होतं. महाराजांनी त्यालाच विजयी ठरवलं. त्यानंतर म्हणे गामा आठवडाभर अंथरुणाला खिळून होते. मांड्यांनी त्यांना उठूच दिलं नाही. जगज्जेत्या गामाचंही अंग आंबलं होतं, हे ऐकून मला माझ्या दीडशे बैठकांबद्दल फार समाधान वाटलं.

पाच हजारांचा आकडा त्या आठवड्यानंतर, वर्षानुवर्षं चढत्या भाजणीनं आलेला आहे. आपण आकडा पाहतो, पायऱ्या पाहत नाही. शिवाय त्या पैलवानामागे दूध, तूप, बदाम होते, मालिश करणारे हात होते, दुपारची झोप होती आणि पदरी ठेवणारा एखादा संस्थानिक होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं कुस्तीमैदान उभं केलं. राजाश्रय याचा एक अर्थ असाही होतो की, पैलवानाच्या विश्रांतीचा खर्च कुणीतरी उचलत होतं.

आता प्रयोगशाळेत जाऊ. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच का येतं? मेहनत करतानाची जळजळ वेगळी आणि हे उशिरा येणारं दुखणं वेगळं, हा भेद अमेरिकेतल्या थिओडोर हाउ या शरीरशास्त्रज्ञानं १९०२ साली नीट मांडला. सवय नसलेल्या स्नायूत बारीक बारीक फाटाफूट होत असावी, असा त्याचा अंदाज होता. पण १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकांच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखवलं की, दमलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचतं. झालं! दही आंबवणारं आम्ल ते हेच. लोकांनी दोन आणि दोन चार केले. आम्ल साचलं म्हणून अंग दुखतं, असा समज पसरला आणि पुढे व्यायामशाळांमध्ये तोच शिकवला गेला. आपल्या भाषेनं तर आधीच 'अंग आंबलं' म्हणून ठेवलं होतं. मराठी मनाला हे पटायला वेळ लागला नसणार.

पण खरं कोडं सुटलं ते जिन्यावर आणि उतारावर. आपल्याकडे गड चढणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. रायगड चढताना दम लागतो, घाम फुटतो, छाती भात्यासारखी होते. उतरताना मात्र गप्पा मारत उतरतो. आणि दुसऱ्या दिवशी मांड्या भरतात त्या उतरण्यानं! डेन्मार्कच्या एरिक अस्मुसेन यांनी १९५६ साली हेच दाखवलं. स्नायू आखडत काम करतो तेव्हा फारसा दुखत नाही. लांबत लांबत ओझं सांभाळतो, म्हणजे आवर घालत खाली येतो, तेव्हा दुखतो. १९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या संशोधकांनी लोकांना एका पायानं पायरी चढायला आणि दुसऱ्या पायानं उतरायला लावलं. चढणारा पाय शाबूत राहिला, उतरणारा दुखला. १९८३ साली अमेरिकेत काहींना सपाटीवर आणि काहींना उतारावर ४५ मिनिटं धावायला लावलं. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल वाढलं, पण त्यांचं अंग दुखलं नाही. उतारावर धावणाऱ्यांचं आम्ल वाढलं नाही, आणि पुढचे दोन-तीन दिवस ते कण्हत होते. आम्लाचा खटला तिथे निकालात निघाला. १९८१ साली स्वीडनमध्ये जिना उतरलेल्या माणसांच्या स्नायूंचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. स्नायूच्या तंतूंमधल्या आडव्या रेघा जागोजागी विस्कटलेल्या दिसल्या. ऐंशी वर्षांपूर्वीचा हाउचा अंदाज पुष्कळ अंशी बरोबर निघाला.

'अंग आंबलं' हा शब्द मात्र शाबूत आहे आणि राहावा. प्रयोगशाळेचा निकाल भाषेवर बंधनकारक नसतो. सूर्य उगवत नाही, पृथ्वी फिरते, हे कळल्यावरही आपण 'सूर्य उगवला' असंच म्हणतो.

मग आज जायचं की नाही? आज जे कळलं आहे ते थोडक्यात असं. सवय नसलेल्या मेहनतीनंतर दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि आठवड्याच्या आत मावळतं. या काळात त्या स्नायूची ताकदही उतरलेली असते. म्हणून त्याच स्नायूला पुन्हा पूर्ण जोरानं राबवण्यात फायदा नाही. हलकी हालचाल केल्यानं दुखणं तेवढ्यापुरतं कमी होतं. मांड्या भरल्या असतील तर हात-खांद्यांचा व्यायाम करायला हरकत नाही. मालिशनं थोडा आराम पडतो. ताण देऊन दुखणं टळतं, हा समज मात्र प्रयोगांत टिकलेला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, तीच मेहनत पुढच्या वेळी केली की दुखणं फार कमी होतं. शरीर एकदा शिकलं की काही आठवडे ते विसरत नाही. माझ्या वस्तादांच्या 'परवा पंचवीस' या आज्ञेत हे सगळं होतं.

वजनाचा व्यायाम नव्यानं सुरू करणाऱ्यानं आठवड्यातून दोन ते तीन दिवस करावा आणि त्याच स्नायूच्या दोन पाळ्यांमध्ये निदान ४८ तास जाऊ द्यावेत, असं आता जाणकार सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. चालणं रोज, ओझं एक दिवसाआड. सुश्रुत आणि ग्रीक दोघंही यावर सही करतील.

दुखणं म्हणजे फायदा, हा गैरसमज मात्र घातक आहे. अंग दुखलं नाही तर व्यायाम वाया गेला, असं पुष्कळ तरुणांना वाटतं. १९८०च्या दशकात अमेरिकेतून व्यायामाच्या चित्रफितींची लाट आली, तिच्याबरोबर ही घोषणाही आली. तिची किंमत मी घरात पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी माझा भाचा एका व्यायामशाळेत दाखल झाला. कोणत्या, ते सांगत नाही. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यानं त्याच्याकडून पाय उचलेनासे होईपर्यंत बैठका काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुखतं म्हणाला तर, "आता सोडलंस तर काय पैलवान होणार?" असं म्हणून पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मामू, मांड्या दगडासारख्या झाल्यात आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय." बहिणीच्या घरी पोचलो आणि त्याला तसाच दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू इतके मोडलेत की त्यांच्यातलं द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतं आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांना हाच विकार झाला होता; १९४१ साली तिथल्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. ढिगाऱ्याखाली न सापडता माझा भाचा त्या वाटेनं निघाला होता. सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या, पोर वाचलं. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मला गेरेनस आठवत होता. अठराशे वर्षं उलटली, प्रशिक्षक तोच होता.

म्हणून एवढं लक्षात ठेवावं. दोन्ही मांड्या सारख्या ठणकत असतील, हालचालीनं मोकळ्या होत असतील, तर ते अंग आंबणं. पण दुखणं एकाच जागी टोचत असेल, सांध्यात असेल, सूज येत असेल, किंवा लघवीचा रंग काळपट झाला असेल, तर तालीम नको, तेल नको, घरचं औषध नको. थेट डॉक्टर.

विश्रांतीचा प्रश्न फक्त आरोग्याचा असता तर इथे थांबलो असतो. पण तो न्यायाचाही आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात लढत होते. जपानच्या शोहाची इशीबरोबर त्यांची दीर्घ, दमछाक करणारी कुस्ती झाली. ती होते न होते तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोवविरुद्ध उभं राहायला सांगितलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. दमलेले खाशाबा हरले. सुवर्णपदक इशीला, रौप्यपदक मम्मदबेयोवला आणि कांस्यपदक खाशाबांना. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावं लागलं. ती तीस मिनिटं मिळती तर पदकाचा रंग बदलता का, हे कोण सांगणार? पण ती त्यांच्या हक्काची होती आणि ती मागायला त्यांच्या बाजूनं कुणी नव्हतं, एवढं मनाला लागून राहतं.

विश्रांती मागावी लागते. आज रविवार आहे आणि आपण घरी निवांत आहोत, हेही कुणीतरी मागितलं म्हणून. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. गिरण्यांमधलं काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, चिकाटी सोडली नाही. शेवटी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. स्नायूंच्या रेघा कशा विस्कटतात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या पायांना मात्र ते ठाऊक होतं.

आणि अजून सगळ्यांना रविवार मिळालेला नाही. तालमीत न जाण्याला आपण 'खाडा' म्हणतो. हाच शब्द उसाच्या फडातही आहे. ऊसतोडीला गेलेलं जोडपं एक दिवस कामावर गेलं नाही की त्यांचा खाडा मांडला जातो आणि दंड कापला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, तेव्हा त्यामागच्या कारणांत या खाड्याची धास्तीही होती. पाळीच्या दुखण्यात एक दिवस बसता येत नाही, म्हणून अवयवच काढून टाकायचा! दिवसभर वाकून कोयता चालवायचा, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची आणि पहाटे पुन्हा तेच. त्यांच्या दुखण्याला ४८ तासांचा नियम कोण लावणार? स्नायू पैलवानाचा असो की ऊसतोड बाईचा, तो सांधला जातो विश्रांतीतच.

आमचे वस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली. फार शिकलेले नव्हते. पण रोज संध्याकाळी ते प्रत्येक पोराच्या मांडीवर हाताची दोन बोटं दाबून बघायचे आणि मग त्याचा आकडा सांगायचे. कुणाला दोनशे, कुणाला वीस, कुणाला "आज घरी जा." एकदा मी रागावून विचारलं, "वस्ताद, त्याला दोनशे आणि मला वीस का?" ते म्हणाले, "अरे, आकडा माझ्या वहीत नसतो. तो तुझ्या मांडीत असतो. मी नुसता वाचतो."